खळ लावून चिकटवलेलं पान

त्या वक्ताला माझ्याजवळ वस्तूचं एकबी स्पॅनिश नाम नव्हतं. तांब्याला काय म्हणतेत, उशीला काय, खिडकीला काय, मला ठावं नव्हतं. पण उघडणे, झाकणे, देणे, नेणे, दुखणे, झोपणे, ठेवणे, काढणे, हे सगळं मला येत होतं. माझं पुस्तकच तेवढ्याचं होतं. इंग्रजी बोलणाऱ्या लोकांनी स्पॅनिशची क्रियापदं कशी वापरावी, असं त्याच्यावर लिहिलेलं. मी काही इंग्रजी बोलणाऱ्यातली न्हाई. दहावीला मी इंग्रजीतच गेले आन् परत बसलेच न्हाई. तरी तेच पुस्तक घेऊन बसले, कारण दुसरं पुस्तक कुणी दिलं न्हाई आन् हातात दीड महिना होता.

आमचे मालक स्पेनला हायत. आमचं घर भोकरच्या अलीकडं, डांबरी सोडून आत. इथं होते तवा हे शेतात शेडनेट उभं करायचं काम करायचे, पाईप वाकवायचे, वेल्डिंग मारायची, जाळी ताणायची. नांदेडला वेल्डिंगच्या दुकानात ह्यांच्यासोबत एक सरदार मित्र होता, तो आधी गेला, मग त्यानं ह्यांना बोलवून घेतलं. तिकडंबी शेडनेटच, फक्त तिकडं डोंगराच्या पायापासून समुद्रापर्यंत नुसतं पांढरं प्लास्टिक, फोनवर दाखवलं तर मला वाटलं पाणी हाय. हे गेले तवा लेक दीड वर्साची होती, आता साडेतीनची हाय. बाप तिला फोनएवढाच माहीत.

लेकीला दम लागतो. नांदेडचे डॉक्टर त्याला बाळदमा म्हणतेत, मोठी होईल तसा कमी होईल म्हणतेत, घाबरू नका म्हणतेत, आन् मी हाव हाव म्हणून मान हलवते. पण तिच्या छातीत शिट्टी वाजायला लागली, गळ्यापाशी खड्डा पडायला लागला, की मला डॉक्टरचं एक अक्षर आठवत न्हाई. मग मी पंप हलवते, त्या प्लास्टिकच्या नळीला लावते, नळीचा मुखवटा तिच्या नाकातोंडावर धरते, पंप दाबते आन् दहा श्वास मोजते. दहा झाले की थांबायचं, बघायचं, लागला तर परत एक दाब, परत दहा. हे माझं हातानं येणारं काम हाय. ते तोंडानं कुणाला सांगायची येळ आली तर माझं तोंड वाळून जातं, मराठीतबी.

आम्हा दोघींचे कागद व्हायचे तर तिथं घर पाहिजे, बायको-लेकरांसकट ठेवून घेतो असं लिहून देणारं घर. हे एका म्हातारीच्या घरात वरच्या खोलीत राहतेत. म्हातारीनं ह्यांना साफ सांगितलं, घरात लहान लेकरू येणार असंल तर मला त्याच्या आईशी बोलायचंय, तुझ्याशी न्हाई, तू मधी बोलायचं न्हाई. आन् ती गेली बहिणीच्या गावाला दीड महिना. आल्यावर बोलणार होती. ती हाव म्हणली तर खोली, खोली तर कागद. न्हाई म्हणली तर ह्यांना दुसरं घर धुंडावं लागणार, आन् हे म्हणले, आपल्या लोकांना इथं लेकरांसकट कुणी लौकर ठेवत न्हाई, दोन वर्सं तर अशीच गेली.

खरं सांगते, मला आतून वाटायचं तिनं न्हाईच म्हणावं. इथं लेकीला दम लागला तर मला दवाखान्यात ओरडता तरी येतंय. तिथं हे कामावर गेल्यावर मी कुणाला काय म्हणणार, कोणत्या तोंडानं. आन् दुसऱ्या घडीला लेक फोनच्या काचेवर बापाच्या गालाला बोट लावायची, आन् वाटायचं तिनं हाव म्हणावं.

सोयाबीनच्या राशी सुरू झाल्या की गावात भुसकट उडतं आन् लेकीची छाती भरती, म्हणून त्या दिवसांत मी तिला घेऊन लातूरला माहेरी जाते. माझी माय तिथं मेस चालवती. क्लासला आलेल्या पोरी आमच्या दोन खोल्यांत पंगत करून जेवतेत आन् काही घरी डबे जातेत. ह्यांनी पुस्तक फोनवर पाठवलं होतं, ते मी झेरॉक्सच्या दुकानात छापायला दिलं. लातूरला झेरॉक्सवाल्याला नोट्सशिवाय दुसरं काही माहीतच न्हाई.

"नीटचं हाय का जेईईचं?" तो म्हणला.

"स्पॅनिश हाय."

"ते कोणत्या क्लासला निघालंय?" म्हणला, आन् खरंच कागद उलटून बघायला लागला, मागं राहिलो का काय म्हणून.

त्यानं स्पायरल लावून दिलं. घरी येऊन उघडलं तर पहिल्या पानावरच मला रडू आलं. सगळं इंग्रजी. इंग्रजीतून इंग्रजी माणसाला समजावलेलं.

मायच्या मेसचा एक डबा आमच्या शाळेच्या बाईंना जातो. त्या मला आठवीपासून दहावीपर्यंत इंग्रजीला होत्या. आता रिटायर झाल्या, गुडघ्याचं ऑपरेशन झालं, एकट्याच राहतेत. डबा द्यायला मी जायला लागले, तर एक दिवस पुस्तक पदराखाली धरून गेले.

"काय लपवलंस?" बाई म्हणल्या.

"पुस्तक हाय बाई. मला इंग्रजी येत न्हाई."

"ते मला माहीत आहे. तुझे पेपर मीच तपासायची."

मी तिथंच परत निघाले होते. त्या म्हणल्या, "थांब. आधी डबा ठेव, सांडेल. काय आहे ते दाखव." चष्मा लावून त्यांनी चार पानं चाळली. "मला स्पॅनिश येत नाही," म्हणल्या.

"मलाबी न्हाई."

"मग झालं. दोघी एका वर्गात. उद्यापासून तीनला ये."

असं सुरू झालं. बाई इंग्रजीतलं मोठ्यानं वाचायच्या, मग ते मराठीत सांगायच्या, मग मी वहीत लिहून घ्यायची. उच्चार ह्यांच्याकडून फोनवर विचारून घ्यायची. लेक खाली बसून बाईंच्या काठीला बाहुली बांधायची. आन् रोज शेवटी परीक्षा, दहा मार्कांची. लातूरला परीक्षेशिवाय शिकलेलं शिकल्यासारखं वाटतच न्हाई. पहिल्या दिवशी मला दहापैकी दोन पडले, आन् बाईंनी स्वतःचाबी पेपर सोडवला होता, त्यांना चार. "मीही नापासच," म्हणल्या. शाळेत असताना त्या असं काही बोलतील असं मला स्वप्नातबी वाटलं नसतं.

मेसमध्ये पोळपाटाच्या वरच्या भिंतीला मी कागद लावून ठेवले. एका हातानं पोळी लाटायची, तोंडानं म्हणायचं. तेंगो, माझ्याजवळ हाय. किएरो, मला पाहिजे. पुएदो, मला जमतं. एक क्लासवाली पोरगी ताट घेऊन उभी राहिली आन् वाचत राहिली.

"ताई, हे कोणत्या परीक्षेचं?"

"म्हातारीच्या."

"सिलॅबस किती आहे?"

"ते म्हातारीलाच ठावं."

ती म्हणली, "मग मागचे पेपर मिळवा ना." मला हसू आलं, पण ते डोक्यात राहिलं.

आता एक गोष्ट झाली ती मला लिहायचीच हाय. पंधरा दिवस झाले असतील. आवडण्याचं क्रियापद आलं. बाईंनी वाचलं, चष्मा वर केला, परत वाचलं. म्हणल्या, "अगं, इथं दोन पानं नुसती समजूत घातली आहे. म्हणे, घाबरू नका. तुमच्या इंग्रजीत आवडायचं काम माणूस करतो, स्पॅनिशमध्ये ते काम भात करतो. भात मला आवडतो, असं उलटं बोलायला शिका."

"आन् उलटं कुठंय त्यात?" मी म्हणले. "आपण दुसरं काय म्हणतोत?"

बाई माझ्याकडं बघत राहिल्या. मग भराभर पानं उलटायला लागल्या. दुखण्याचं क्रियापद, तेबी तसंच, मला डोकं दुखतंय, मे दुएले. तिथंबी इंग्रजी माणसाची समजूत. भूक, तहान, भीती, इंग्रजीत म्हणे माणूस स्वतःच भुकेला असतो, घाबरलेला असतो, आन् स्पॅनिशमध्ये माणसाजवळ भूक असती, माणसाजवळ भीती असती. तेंगो मिएदो. माझ्याजवळ भीती हाय. मी म्हणले, बाई, मला भीती हाय असंच तर मी रोज म्हणते.

"जवळ असलेली वस्तू खाली ठेवता येते," बाई म्हणल्या.

"कुठं ठेवू?" मी म्हणले.

बाईंनी परीक्षेचा कागद पुढं सरकवला. त्या दिवशी मला दहापैकी आठ पडले आन् बाईंना सहा, आन् डबा घेऊन परत येताना मी रस्त्यानं लेकीला कडेवर घेऊन जवळजवळ पळतच आले. ज्या इंग्रजीनं मला दहावीला घरी बसवलं, ते इंग्रजी इथं स्वतःच अडखळत होतं आन् मी पुढं.

आहे, ह्याला मात्र त्यांच्याकडं दोन क्रियापदं हायत आन् तिथं माझंबी डोकं फिरलं. सेर आन् एस्तार. बाईंनी ढोबळ करून सांगितलं, जे माणसाच्या अंगचंच आहे ते सेर, जे आता आहे ते एस्तार. ती मुलगी आहे, सेर. ती दमली आहे, एस्तार. पुढं उदाहरण होतं, ती आजारी आहे. एस्तार.

"बाई, वर्सभर आजारी असली तरी?"

त्यांनी पान वर-खाली करून बघितलं. "आजारी एस्तारमध्येच लिहिलंय."

"दोन वर्सं असली तरी?"

"एस्तार," त्या म्हणल्या, आन् लेकीकडं बघितलं.

माझ्या सासूबाई, मी त्यांना आत्या म्हणते, वाईट न्हाईत, पण फोन केला की विचारतेत, दमेकरी पोरगी जेवली का. लेकीला त्या तेच म्हणतेत. त्या दिवशी फोन आला तर मी म्हणले, "आत्या, दमेकरी म्हणू नका. आज तिला दम हाय का विचारा."

"आन् दोन्हीत काय फरक पडला?" त्या म्हणल्या.

"मोठा हाय," मी म्हणले. आत्या म्हणल्या लातूरचं पाणी लागलं तुला. पण पुढच्या फोनला त्यांनी विचारलं, आज छाती कशी हाय पोरीची.

आता त्या पानाचं सांगते. जाण्याचं क्रियापद. ईर. त्यातलं मी जाते म्हणजे बॉय. नवा कागद भिंतीला लावला आन् लाटता लाटता म्हणायला लागले, बॉय, जाते, बॉय, जाते, आन् मायनं तव्यावरची पोळी तशीच सोडली.

"काय बडबडू लालीस?"

"जाते. क्रियापद हाय ते, माय."

"घरात लेकरू खोकू लालंय, मालक साता समुद्रापलीकडं, आन् तू तव्यापुढं बसून जाते जाते म्हणून राहिलीस? येते म्हणायचं असतंय बाईमाणसानं. एवढंबी शिकवलं न्हाई का मी?"

पोरींनी जेवता जेवता माना खाली घातल्या. आमच्याकडं घरातून पाय काढताना जाते म्हणत न्हाईत. पाणी भरायला निघालं तरी येते म्हणायचं. मलाबी ते माहीतच होतं. मी स्वतः लेकीला तोंडावर हात ठेवून शिकवलंय. मी तो कागद काढला. पण पुस्तकात ते पान होतंच, उघडलं की दिसायचं. त्याच रात्री लेकीला खोकला आला, साधाच, पण माझ्या मनात ते बसलं. सकाळी मी कणकेची खळ केली आन् ते पान पुढच्या पानाला चिकटवून टाकलं. बाईंनी दुपारी पुस्तक उघडलं, बोटानं ते जाड पान चाचपलं, माझ्याकडं बघितलं आन् पुढचं पान घेतलं.

शेवटच्या आठवड्यात बाईंनी संभाव्य प्रश्नसंच काढला. म्हातारी काय विचारील, असे वीस प्रश्न, वीस उत्तरं. नाव काय, वय किती, स्वयंपाक येतो का, घर साफ ठेवशील का, लेकरू किती वर्साचं. चौदावा प्रश्न होता, लेकरू तब्येतीनं कसं हाय. ह्यांनी मला आधीच सांगून ठेवलं होतं, दम्याचं बोलू नको, म्हातारी आजाराचं लेकरू घेणार न्हाई, एकदा आलीस की बघू. उत्तर होतं, एस्ता बिएन. ठीक हाय.

बाई म्हणल्या, "हे मी लिहिणार नाही. तुला लिहायचं तर तू लिही."

एकोणीस उत्तरं त्यांच्या गोल अक्षरात आन् चौदावं माझ्या. मी वीसच्या वीस पाठ केली. झोपेतबी म्हणले असते. आन् लेकीचा पंप मोजताना मी दहा आकडे तिकडचे मोजायला लागले, ह्यांनी फोनवर शिकवलेले, तेवढाच सराव. उनो, दोस, त्रेस. लेकीला त्यातला ओचो, म्हणजे आठ, आवडायचा, मुखवट्याच्या आत हसायची.

रविवार ठरला. आपल्याकडं साडेचार, तिकडं जेवायची येळ. मेसमध्ये गोंगाट असतो म्हणून बाईंच्या घरी. मी धुतलेली साडी नेसले, लेकीला अंगणात बाहुली देऊन बसवलं, पंपाची पिशवी खुर्चीला अडकवली. फोन रिकाम्या डब्याला टेकवला. बाई समोर, फोनमध्ये दिसणार न्हाईत अशा, हातात प्रश्नसंच.

फोन लागला. म्हातारी ह्यांच्या वरच्या खोलीत बसलेली दिसली, पांढरे केस कापलेले, एप्रन, हातात चमचा. बाजूला हे, न्हाव्याकडं जाऊन आल्यासारखे. म्हातारी म्हणली, कोमो एस्तास. कशी हायेस.

आन् मी सुरू झाले. ती एकच प्रश्न विचारून थांबली होती, पण माझ्या तोंडातून पहिलं उत्तर निघालं, त्याच्या मागं दुसरं, त्याच्या मागं तिसरं, मला थांबताच येईना, तेवीस वर्सं, एक लेक, स्वयंपाक येतो, धुणं येतं, भांडण करत न्हाई, बिडी ओढत न्हाई, पाहुणे बोलवत न्हाई, चौदावं एस्ता बिएन, पंधरावं, सोळावं, एका दमात विसावं धन्यवाद नमस्कार. बाईंनी प्रश्नसंच तोंडावर धरला होता. ह्यांनी कपाळाला हात लावला होता. तोंडी परीक्षेत आमच्याकडं असंच म्हणतेत सगळे, सर मान वर करायच्या आत म्हणून मोकळं व्हायचं.

म्हातारीनं चमचा खाली ठेवला. "मुय बिएन," म्हणली. लई छान. मग हळू, एकेक शब्द तोडून, "इ ला नीन्या?"

नीन्या म्हणजे पोरगी, हे लेकीला फोनवर तेच म्हणतेत. आन् पोरगी? चौदावं उत्तर मी देऊन बसले होते. परत द्यायचं का, हे प्रश्नसंचात नव्हतं.

दिवाळीच्या आधीचे दिवस, गल्लीत कुणीतरी गादी झटकू लालं होतं. मला ते ऐकू येत होतं पण डोक्यात शिरलं नव्हतं. लेक दारातून आत आली, बाहुली मागं लोंबत, आन् तिच्या छातीची शिट्टी तिच्या आधी आत आली. गळ्यापाशी खड्डा. तिनं येऊन माझ्या गुडघ्याला धरलं.

हे फोनमधून मराठीत म्हणले, हळूच, ओठ न हलवता, "कट कर. नेट गेलं म्हणतो मी. कट कर लौकर."

माझा हात फोनकडं गेलाबी होता. म्हातारी बघत होती. कट केलं असतं तर खोली राहिली असती. पण दोन हातांत एकच काम होतं माझ्या. मी पिशवी ओढली, लेकीला मांडीवर घेतलं, पंप हलवला, नळीला लावला, मुखवटा धरला, दाबला. मला वाटतं मी फोनला विसरलेच. उनो. दोस.

त्रेसला आवाज दोन झाले. म्हातारी मोजत होती. क्वात्रो, थिंको, आम्ही दोघी, ती तिकडं, मी इकडं, सेइस, सिएते, ती श्वास मोठा घेऊन दाखवायची आन् लेक तिच्याकडं बघून घ्यायची. ओचोला लेक हसली न्हाई, पण डोळे हलले. नुएबे. दिएथ. थांबले. बघितलं. परत एक दाब, परत दहा. दुसऱ्या खेपेला बाईबी मोजत होत्या, प्रश्नसंच खाली पडलेला. दुसऱ्या दिएथला खड्डा भरत आला होता, शिट्टी बारीक झाली होती, आन् लेकीनं मुखवट्यातूनच म्हणलं, दिएथ.

मग मी फोनकडं बघितलं. मी म्हणले, नो एस्ता बिएन. ठीक न्हाई. एस्ता एनफेर्मा. आजारी हाय. मग काय म्हणावं सुचेना, तर म्हणले तेंगो मिएदो. माझ्याजवळ भीती हाय. हे तिन्ही मी कुणी न विचारता, कुठल्याच संचातून न काढता बोलले.

खालून म्हातारीला कुणी तरी हाक मारली. ती उठली, आन् जाताना मोठ्यानं म्हणली, बॉय.

जाते. मी तो शब्द खळ लावून बंद केला होता आन् तिनं तो माझ्या तोंडावर म्हणला. तिची खुर्ची रिकामी दिसत होती. हे मान खाली घालून बसलेले. बाईंनी लेकीच्या पाठीवर हात ठेवला. मला वाटलं गेली, म्हणजे संपलं, म्हणजे न्हाई.

आन् ती आली. दोन मिनिटंबी झाली नसतील. जाते म्हणून गेलेली बाई परत येऊन त्याच खुर्चीवर बसली, थोडी धापा टाकत, आन् हातवारे करत बोलायला लागली. लई बोलली. मला त्यातली फक्त क्रियापदं कळाली. एक क्रियापद, मग खड्डा. कीतो, काढते. खड्डा. आब्रो, उघडते. खड्डा. पोंगो, ठेवते. खड्डा. ला नीन्या दुएर्मे. पोरगी झोपती.

"काय म्हणते?" बाई कुजबुजल्या.

"काहीतरी काढती, काहीतरी उघडती, काहीतरी ठेवती, आन् पोरगी झोपती."

"काय काढते?"

"ते न्हाई ठावं बाई. ते नाम हाय."

बाई हसल्या, मग डोळे पुसायला लागल्या, मग परत हसल्या. मीबी. म्हातारीला वाटलं असंल ह्या बायका अशाच. तिनं लेकीला हात केला आन् चमचा उचलून गेली.

नामं मला नंतर ह्यांनी सांगितली. वरच्या खोलीत जुना गालिचा हाय, त्याच्यात वर्सानुवर्सांची धूळ, तो ती काढणार होती. समुद्राकडची खिडकी अडकून बसलीय, ती उघडून घेणार होती. पलंग भिंतीपासून लांब, खिडकीजवळ ठेवणार होती. हे मला रागावले न्हाईत. उलट म्हणले, चुकलं माझं, तुला लपवायला लावलं. म्हणले, म्हातारी म्हणती वीस उत्तरांतलं तिला निम्मंच कळालं, पण दहापर्यंत मोजलेलं सगळं कळालं. तर वस्तूचं पहिलं स्पॅनिश नाम मी शिकले ते गालिच्याचं, आल्फोम्ब्रा, जो आमच्या घरात कधी नव्हताच.

म्हातारीनं लिहून दिलंय. आमची फाईल गेलीय. अजून बोलावणं आलं न्हाई, कधी येईल कुणी सांगत न्हाई. भीती माझ्याजवळ हायच, अजून कुठं ठेवली न्हाई. पण आता हे रोज एक नाम पाठवतेत आन् मी ते खड्ड्यात घालते. खिडकी. उशी. दवाखाना. दम.

भोकरला परत यायच्या आदल्या दिवशी मी बाईंकडं गेले. त्यांनी पुस्तक उघडलं, ते जाड पान. मी बोट ओलं करून खळीवर फिरवलं, थोडं थोडं, कडेनं. शाई जरा निघाली पण अक्षर वाचता येत होतं. बाईंनी वाचलं, मराठीत सांगितलं, हे क्रियापद कुणाचंच ऐकत नाही, सगळ्यात वाकडं तेच. पुढं लिहिलेलं, कुणी हाक मारली तर स्पॅनिश माणूस येतो म्हणत नाही, जातो म्हणतो, आणि इंग्रजी माणसं इथं हमखास चुकतात.

"आपणबी चुकणार बाई," मी म्हणले.

"तू चुकणार नाहीस. तू घाबरणार." मग दहा मार्कांची परीक्षा घेतली. मला दहा पडले. त्यांना नऊ. म्हणल्या, माझा नंबर गेला.

संध्याकाळी पोळ्या लाटता लाटता मी मायला सांगितलं, माय, तिकडं जाते म्हणावंच लागतंय, कुणी हाक मारली तरी जातेच म्हणतेत, आन् म्हणून परत येतेत, मी डोळ्यानं बघितलंय. मायनं दोन पोळ्या उलटल्या. मला वाटलं आता तवा आदळती.

"तिकडं म्हण," ती म्हणली. "तिकडच्यांना तसंच कळत असंल तर तसंच म्हण. पण इथल्या उंबऱ्यावरून निघशील ना, त्या दिवशी येते म्हणून निघ."

मी म्हणले, हाव. लेक पिठात बोट फिरवत बसली होती. तिनं पोळ्या मोजायला घेतल्या, उनो, दोस, त्रेस, आन् मायनंबी, तव्यावरची पोळी उलटता उलटता, चौथी लेकीच्याच भाषेत मोजली, क्वात्रो.